कोनाड्यातली डबी

मी बोलते आहे आणि भाची लिहून घेते आहे. माझं 'न्हाय' ती कागदावर 'नाही' करते. करू दे, शाळा शिकली आहे बिचारी. पण बाकीच्यांच्या तोंडचं मात्र जसंच्या तसं लिही म्हटलंय तिला. त्या लोकांना शुद्ध बोलायला लावलं तर मलाच ते ओळखू यायचे नाहीत.

थोरले महाराज गादीवर होते तेव्हाची ही गोष्ट. कोल्हापुरात नवी पेठ वसत होती, वखारी उभ्या राहत होत्या. त्यांतल्या एका वखारीत मी शेंगा फोडायला जायची. नवरा पागेत घोड्यांच्या चाकरीला होता. होता म्हणजे नावाला. घोड्यांना खरारा करायचा सोडून हा बाबा गुत्त्यावर पडलेला असायचा. घरी आला की हात चालवायचा. कशावरून, असं विचारू नका, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मला मुलगा झाला. बारशाच्या दिवशी सासूनं माझ्या हातात पितळेची चपटी डबी ठेवली. आत अफूची काळी, चिकट गोळी. सासूला मी आत्याबाई म्हणायची. आत्याबाई म्हणाल्या, "नीट संभाळ. ह्याच डबीवर तुझा नवरा वाढलाय." तेव्हाच ती डबी विहिरीत टाकायला हवी होती, असं आता हसत हसत म्हणते मी. तेव्हा मात्र मुकाट्यानं कनवटीला लावली. सगळ्याच बाया लावायच्या. बाजरीच्या दाण्याएवढी अफू बोटावर घ्यायची, अंगावरच्या दुधात कालवायची आणि पोराला चाटवायची. एकदा सकाळी, एकदा दिवेलागणीला. पोर गप निजतं, आईला काम उरकता येतं. आमच्यात त्याला अफू खाणं म्हणत नसत. अफू खातात ती मोठी माणसं. पोराला देतात ती गोळी.

वखारीत भिंतीच्या कडेनं झोळ्याच झोळ्या टांगलेल्या असायच्या. आम्ही सगळ्याजणी फोडायला बसलो की कटाकट शेंगांचा आवाज, दुसरा कसला नाही. एवढी पोरं, पण एकाचं म्हणून रडणं ऐकू यायचं नाही. मालक भलता खूश असायचा. मलाही त्यात काही वावगं दिसलं नाही, खोटं कशाला बोलू?

एके दिवशी नवरा झोकांड्या खात आला आणि माझ्यावर उगारलेली लाथ पोराच्या झोळीला बसली. झोळी भिंतीवर आपटली. पोराला काही झालं नाही, पण माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती गेलीच. मुडदा बशिवला याचा! मला मारत होता तोवर मी सोसलं. पोराला काखोटीला मारलं आणि तडक भावाचं घर गाठलं. दादा म्हणाला, "बास झालं आता. पंच बशिवतो."

आमच्या जातीत तेव्हा पंचांपुढं काडी मोडली की लग्न मोडलं. दरबारनं पुढं सोडचिठ्ठीचा कायदा केला म्हणे, पण आमच्या वेळी पंच म्हणतील तोच कायदा. देवळाच्या ओट्यावर पंच बसले. लग्न मोडायला कुणाचीच ना नव्हती. नवऱ्याच्या दारूचं दादानं सांगितलं, तर एक पंच म्हणाला, "गडी माणूस हाय, घेतो कधीमधी." कधीमधी! भर सकाळी तिथं बसल्या जागी त्याच्या तोंडाचा वास येत होता.

सगळं घोडं अडलं ते पोरापाशी. मुलगा बापाचा, ही रीत. पण अंगावर पितं पोर आईपासून तोडायचं नाही, हीही रीतच. थोरले पंच म्हणाले, "दूध तुटंपतोर आईजवळ ऱ्हाऊ दे. फुडचं फुडं." माझा जीव भांड्यात पडला. एवढी मुदत मला पुष्कळ होती. पुढं मी कुणाच्या बापाला पोर नेऊ दिलं नसतं.

तेवढ्यात आत्याबाई उठल्या. पदर सावरून म्हणाल्या, "पंचहो, ही बाई अफूबाज हाय. हिच्या दुधात बी अफू उतारतीया. कनवटीला डबी हाय का न्हाय, इचारा."

मी ताडकन उभी राहिले. "डबी तुम्हीच दिलीत की आत्याबाई! पोराच्या गोळीची आहे ती."

"व्हय, मीच दिली. पोरासाठनं दिलती. तू खातीस त्याचं काय?"

जमलेल्या बायांकडं मी बघितलं. माझ्याबरोबर शेंगा फोडणाऱ्या निम्म्या तिथं होत्या, आणि प्रत्येकीच्या कनवटीला तसलीच डबी होती. एकजात सगळ्यांनी तोंडाला पदर लावले. राग आला मला, अजून येतो.

पंचांनी खल केला आणि एक तोड काढली. अफूबाज माणसाला दोन-तीन दिवस अफू मिळाली नाही की तो गडबडा लोळतो, नाका-डोळ्यांतून पाणी गळतं, पाया पडून अफू मागतो. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. तेव्हा मला पोरासकट थोरल्या पंचांच्या घरी ठेवायचं. डबी त्यांच्या सोप्यातल्या कोनाड्यात राहील. तीन दिवसांत मी अफू मागितली नाही, तर पोर माझं. मागितली, तर पोर बापाचं.

दादाचं तोंड उजळलं. मी तर मनातल्या मनात नाचलेच! अहो, मी आयुष्यात कधी अफू जिभेवर ठेवली नव्हती. तीन दिवस काय, तीन वर्षं ठेवा म्हणावं. मीही खूश, दादाही खूश, पंचही आपल्या अकलेवर खूश. पोराचा विचार कुणाच्या म्हणजे कुणाच्या डोक्यात आला नाही. ज्याला आम्ही कधी अफू म्हणालोच नव्हतो, ती तोडली तर काय होतं, हे कुणाला सुचणार?

पहिला दिवस बरा गेला. पंचांची बायको, काकी म्हणायची मी तिला, सरळ बाई होती. मला भाकरी-आमटी वाढायची आणि माझ्यावर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवायची. अधूनमधून म्हणायची, "डोळं बघू गं तुजं." मी डोळे मोठे करून दाखवायची आणि दोघी हसायचो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोर शिंकायला लागलं. शिंकेवर शिंक, मग जांभया. मला वाटलं, पडसं झालं. मग दूध ओकलं, जुलाब सुरू झाले. म्हटलं, दात येत असतील. दुपारी अंगावर घेतलं तर तोंड फिरवून असं किंचाळलं की गल्लीतल्या बाया दारात आल्या. हातपाय ताठ, अंग घामानं चिंब, त्यावर काटा. काकीनं मीठ-मोहऱ्या उतरून टाकल्या. दृष्ट कसली निघते! रडणं काही थांबेना.

काकी पोराजवळ बसली. त्याच्या नाकातलं पाणी पुसलं, डोळे बघितले. आदल्या दिवशी माझे बघत होती, तसेच. आणि तिचा चेहरा पडला.

"पोरी, ह्याची गोळी चुकलीया."

अगं आई गं! पंच माझ्या अंगावर जी लक्षणं शोधत होते ती सगळीच्या सगळी माझ्या मांडीवर होती.

काकी हळूच म्हणाली, "डबी थितं कोनाड्यात हाय. पर तू मागितलीस तर मला पंचांस्नी सांगावं लागंल. देवळात उभं ऱ्हाऊन मी खोटं बोलणार न्हाय."

मी पोराला खांद्यावर टाकून परसात फेऱ्या मारत राहिले. पाणी पाजलं, पोटाला हिंग लावला, साखर चाटवली. दादा आला. चोरून अफू आणून देईल या संशयानं त्याला आत सोडत नव्हते, म्हणून उंबऱ्याबाहेरनंच ओरडला, "दम धर गं! उद्याचा येक दिस. रडून रडून निजंल त्यो." त्याचं काय चुकलं? तो माझ्या भल्याचंच सांगत होता. मी दम धरला. पोर रडत होतं आणि मी त्याच्या कानात म्हणत होते, तुझ्यासाठीच रे राजा, तुझ्यासाठीच.

दिवस कलायला लागला तसं रडणं बसलं. मला आधी बरं वाटलं. मग बघितलं तर मान टाकलेली, ओठ सुकलेले, डोळे अर्धे उघडे आणि बघत कुठंच नाहीत. छाती तेवढी भराभर हलत होती. हाक मारली. काही नाही. गालाला टिचकी मारली, तर नुसतं कण्हलं.

मी सोप्यात गेले. काकी कोनाड्यापाशी उभीच होती. मी म्हणाले, "काकी, अफू द्या."

मी गोळी म्हणाले नाही. का कोण जाणे, तोंडातून अफूच बाहेर पडलं.

काकीनं डबी काढली. माझ्या बोटावर बाजरीच्या दाण्याएवढी घेऊन मी पोराला चाटवली. घटकाभरानं त्याचं अंग सैल पडलं, मग डोळे मिटले आणि दिवे लागल्यावर त्यानं माझ्या अंगाशी तोंड लावलं. चुटूचुटू प्यायला लागलं. मी हसत होते आणि रडत होते, दोन्ही.

तीन दिवस भरले, चौथ्या दिवशी सकाळी पंच ओट्यावर जमले. थोरल्या पंचांनी बायकोला विचारलं, "मागितली का न्हाय?"

"मागितली," काकी म्हणाली. "पर पोरासाठनं मागितली. पोर मरत हुतं. हिनं सोता येक कण तोंडात घातला न्हाय."

"मागितली का न्हाय, येवढंच इचारलं."

मी पुढं झाले. "माझे डोळे बघा की! हात बघा! लोळते आहे का मी? नाक गळतंय का?" कुणी बघितलं नाही. एक पंच तर म्हणाला, पोराला येवढी सवय लावणारी बाई पोर काय संभाळणार. आता ह्याला काय म्हणावं? वखारीत त्याची धाकटी लेक माझ्या पोराच्या शेजारच्या झोळीत निजायची.

पोर बापाचं, असं ठरलं. मग गवताची काडी आणली. नवऱ्यानं ती दोन्ही हातांत धरली, पण हात इतका थरथरत होता की काडी खाली पडली. दारूशिवाय सकाळ काढायची त्याला सवय नव्हती. दुसऱ्यांदा मोडली. पंचांनी ते थरथरणारे हात बघितले, मीही बघितले. माझं लग्न तिथं संपलं आणि त्याचं मला काडीचंही वाटलं नाही.

आत्याबाईंनी हात पुढं केले. पोर निजलं होतं. मी दिलं. कसं दिलं ते विचारू नका, भाचीनंही विचारलेलं नाही.

पोराला खांद्यावर घेऊन आत्याबाई निघाल्या आणि चार पावलांवर थांबल्या. मागं वळून थोरल्या पंचांना म्हणाल्या, "आन ती डबी? ती द्या की. सांजच्याला लागंल ह्याला."

सगळ्या जमावासमोर त्यांनी मागितली. थोरले पंच स्वतः उठले, घरात जाऊन कोनाड्यातली डबी घेऊन आले आणि त्यांच्या हातावर ठेवली.

मी म्हणाले, "बाजरीच्या दाण्याएवढी द्या, आत्याबाई. जास्त नको."

"मला शिकिवतीस व्हय?" त्या म्हणाल्या, आणि डबी कनवटीला लावून माझं पोर घेऊन गेल्या.