बदली गिटारवाला

मी गिटार वाजवतो हे आमच्या लालबागच्या चाळीत सगळ्यांना ठाऊक होतं, कारण भिंती पातळ होत्या. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीची ती वर्षं. खाली नाक्यावर सारख्या सभा व्हायच्या आणि सभा नसेल त्या संध्याकाळी मी गॅलरीच्या टोकाला बसून जाझ वाजवायचो. शेजारी दोन्ही गोष्टी सारख्याच सहनशीलतेने ऐकून घेत.

मी फोर्टमधल्या एका विमा कंपनीत कारकून होतो. तिथला एक गोवेकर सहकारी नोकरीसाठी आफ्रिकेला गेला, तेव्हा बोटीत सामान जास्त होतं म्हणून त्याने गिटार माझ्याकडे ठेवली. ती न्यायला तो परत आला नाही. चोरबाजारात जुन्या अमेरिकन तबकड्या मिळायच्या. सुई पुन्हा पुन्हा त्याच जागी ठेवून मी त्यांतले सोलो पाठ केले. सोलो म्हणजे बाकीचा बँड मागे राहतो आणि एकटा माणूस पुढे येऊन वाजवतो तो भाग. मधल्या भागांत मला रस नव्हता. ते मी सुई उचलून ओलांडून जायचो.

वडील गिरणीतून निवृत्त झालेले, मूळचे मालवणकडचे, चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवणारे. चळवळीत ते पूर्ण बुडाले होते. माझ्या वादनाबद्दल त्यांची एकच शंका होती आणि ती ते दर आठवड्याला विचारत, "ह्यात सम खंय येता रे?"

"बाबा, हे जाझ आहे."

"ता माका कळला. सम खंय?"

मला सांगता यायचं नाही. त्यांना जाझ कळत नाही, असं मी धरून चाललो होतो.

रविवारी सकाळी चर्चगेटजवळच्या एका हॉटेलात जाझ ऐकायला मिळायचं. एक कॉफी घेऊन दुपारपर्यंत बसलं तरी वेटर काही बोलायचा नाही, नुसता बघायचा. तिथल्या बँडमध्ये पन्नाशीचा एक गोवेकर गिटारवाला होता. काळा कोट, चेहरा दाढ उपटून आल्यासारखा. हा माणूस अख्खं गाणं नुसतं चक चक चक चक करायचा. सोलो क्वचितच, आणि तोही चटकन संपवायचा. मला त्याची कीव यायची. इतक्या मोठ्या हॉटेलात रोज वाजवायला मिळतं आणि याला काही येत नाही.

बँडचा प्रमुख ट्रंपेट वाजवायचा. तो दादरला पोर्तुगीज चर्चच्या मागे राहायचा. मी त्याला दर रविवारी गाठून सांगायचो की मीही गिटार वाजवतो, लालबागला राहतो, कधी गरज पडली तर कळवा. तो "शुअर, शुअर" म्हणत ट्रंपेटमधली थुंकी झटकायचा.

गरज पडली ती हरताळाच्या दिवशी. गिरण्या बंद, ट्राम बंद, बस बंद. दुपारी आमच्या चाळीखाली एक घामाघूम माणूस सायकलवरून उतरला आणि वर बघून ओरडला, "गिटारवाला कुठे राहतो?" सगळ्या मजल्यांवरून माझ्या खोलीकडे बोटं दाखवली गेली.

"आज दादरला लग्न आहे," बँडप्रमुख जिन्यातच म्हणाला. "हॉल आज, नवरी आज, पाहुणे आज. माझा गिटारवाला धोबीतलावला अडकलाय. भायखळ्याच्या या बाजूला गिटारवाला मला कोणी माहीत नाय, मॅन. तूच आहेस."

एवढ्यावरून माझी निवड झाली होती, पण तेव्हा मला ते 'तूच आहेस' एवढंच ऐकू आलं. वडील सकाळीच मोर्चाला गेले होते. मी ऑफिसची पँट चढवली आणि गिटार छातीशी धरून सायकलच्या मागे बसलो. परळ, हिंदमाता, सगळी दुकानं बंद. रस्त्यात कोणी अडवलं नाही. आम्ही कोणत्या बाजूचे आहोत हे कोणाला ठरवता आलं नसावं.

हॉलमध्ये नवरा-नवरीने नाच सुरू केला. मी बसलो तो सजवतच बसलो. इथे एक तान, तिथे एक हरकत, मधेच थांबून एक गोड कॉर्ड. थोड्या वेळाने पाहिलं तर नवरीच्या पायावर नवऱ्याचा पाय पडला होता. एक म्हातारं जोडपं, ज्यांनी आयुष्यभर एकमेकांबरोबर नाच केला असणार, ते मधोमध उभं राहून बँडकडे बघत होतं. ड्रमवाला माझ्याकडे बघत होता.

बँडप्रमुख वाकून म्हणाला, "चार मार. फक्त चार."

"म्हणजे?"

"एक, दोन, तीन, चार. मग परत एक, दोन, तीन, चार. मी सांगेपर्यंत."

मी चार मारायला लागलो. गाणं किती लांब असतं हे मला त्या दिवशी प्रथमच कळलं. मनगट दुखायला लागलं. दुखलं की मी हळू व्हायचो, लक्षात आलं की घाई करायचो. अख्खा हॉल माझ्याबरोबर हळू होत होता आणि घाई करत होता. नाचणाऱ्यांमधले पुष्कळजण जेवायच्या टेबलाकडे गेले.

मग बँडप्रमुखाला माझी दया आली असावी. ओळखीचं एक गाणं लागलं आणि मधेच त्याने मान हलवली, "आता घे." तो सोलो मला झोपेतही यायचा. डोळे मिटून मी सुरू केला आणि शेवटपर्यंत नेला. सोलो बिनचूक होता. फक्त रेकॉर्डवर तो एका पट्टीत होता आणि बँड दुसऱ्याच पट्टीत वाजवत होता. मला तो त्या एकाच पट्टीत येत होता. मधे थांबून कुठे जायचं हे मला माहीत नव्हतं, म्हणून मी थांबलो नाही.

डोळे उघडले तेव्हा नवरीचा मामा टाळ्या वाजवत होता. "व्हेरी मॉडर्न," तो म्हणाला.

त्याच वेळी दारातून काळा कोट आत आला. धोबीतलावपासून दादरपर्यंत तो माणूस गिटारची पेटी घेऊन चालत आला होता. तो स्टेजवर चढला, माझ्याकडे बघितलं आणि पहिलं वाक्य बोलला, "माझे बूट गेले."

मी उठलो. तो माझ्या खुर्चीत बसला, बूट काढले आणि मोज्यांनिशीच सुरू झाला. चक चक चक चक. तेच, काहीच नाही. मी जेवायच्या टेबलाशी सँडविच हातात घेऊन उभा होतो. ते म्हातारं जोडपं पुन्हा उभं राहिलं आणि नाचायला लागलं. मग बाकीचे गेले. ड्रमवाला हसला. ट्रंपेट सुद्धा मघापेक्षा चांगली वाजायला लागली होती. मी त्या गिटारीकडे कान लावून राहिलो, पण ती वेगळी अशी ऐकूच येईना. ती बंद पडली असती तर मात्र हॉलमधल्या प्रत्येकाला कळलं असतं. मी सँडविच खाल्लं. आणखी एक घेतलं. फार वाईट वाटत होतं आणि भूकही लागली होती.

संध्याकाळी घरी आलो तर वडील खुशीत होते. नाक्यावर म्हणे स्वयंसेवकांनी पेटीवाल्या एका माणसाला अडवलं. पेटीत काय आहे, काळ्या कोटात हरताळाच्या दिवशी कुठे चाललास, अशी चौकशी चालली होती. वडिलांनी पेटी ओळखली.

"मी सांगितलंय, गिटार आसा ती. माझ्या झिलाकडे पण आसा. पण पोरा ऐकनत नाय. म्हणाली, वाजवून दाखव."

"मग?"

"शाहीर पोवाडो म्हणी होते. हेणा उभ्यानच पेटी उघडल्यान, थोडा ऐकल्यान आणि धरल्यान की रे मागे! पखवाजवालो जमता तसो जमलो. सगळे डोलाक लागले." वडील जरा थांबले. "त्येची सम माका समाजली."

त्यांनी त्यावर अधिक काही म्हटलं नाही, ही त्यांची माया.

पुढच्या रविवारी मी त्या गिटारवाल्याला हॉटेलच्या मागच्या दाराशी गाठलं आणि शिकवा म्हणालो. त्याने नवे बूट घातले होते आणि ते त्याला चावत होते.

"नोकरी कुठे?"

"विमा कंपनीत."

"पर्मनंट?"

"हो."

"पेन्शन?"

"आहे."

"मग कशाला?" त्याने खरोखरच कुतूहलाने विचारलं.

"आवड आहे," मी म्हणालो. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी एखादा आजार सांगितला आहे आणि तो त्यालाही एकेकाळी होऊन गेला आहे.

तरी त्याने शिकवलं. धोबीतलावच्या त्याच्या खोलीत, शनिवारी ऑफिस सुटल्यावर. डाव्या हाताला त्याने हातच लावला नाही. फक्त उजवा. चार मार. तो दाढी करत असायचा, मासे साफ करत असायचा, मोज्यांना टाके घालत असायचा आणि तोंड न वळवता म्हणायचा, "धावू नको." कधी, "झोपू नको." मी एकदा विचारलं, सोलो कधी शिकवणार? तो म्हणाला, "सोलो तुला येतो. लग्नातल्या लोकांनी सांगितलं मला." हसला नाही. त्याच्या खोलीत जाझची एकही तबकडी नव्हती. रिकाम्या वेळात तो फुटबॉलची कॉमेंट्री ऐकायचा.

असं बरंच चाललं. मग तो बोटीवरच्या बँडबरोबर महिनाभर बाहेर गेला आणि जाताना बँडप्रमुखाला म्हणाला, माझ्या जागी याला घे. गिरणीत कायम कामगार रजेवर गेला की बदलीवाला उभा करतात, तसा मी उभा राहिलो. ऑफिसातून थेट हॉटेल, संध्याकाळी चहाच्या वेळचा नाच आणि मग जेवणाची वेळ. कोणी माझ्याकडे बघायचं नाही. लोक नाचायचे. पहिल्या आठवड्यात मला याचा इतका आनंद झाला की मी वडिलांनाही सांगितलं, "आज माझ्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही."

दुसऱ्या आठवड्यात तीच गाणी. तिसऱ्यात तीच.

एका संध्याकाळी वाजवायला बसण्याआधी, चाळीतल्या शेजाऱ्याने ऑफिसात दिलेला निरोप शिपायाने हॉटेलात आणून दिला. वडिलांना सत्याग्रहात पकडून नेलं होतं. डोक्याला लागलंय, फार नाही, असं तो म्हणाला होता. मी बँडप्रमुखाला सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हॉलकडे बघितलं. हॉल भरलेला होता. एका पोरीचा वाढदिवस होता, फुगे लावले होते. बदलीला बदली नव्हता.

मी वाजवलं. वडील कुठल्या चौकीत असतील, डोक्याला पट्टी बांधली असेल का, पाणी दिलं असेल का. हात चालत होता. धावला नाही, झोपला नाही. शेवटी बँडप्रमुख म्हणाला, "आज बेस्ट वाजवलंस." त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. मी घरी येऊन आईजवळ बसलो आणि मला स्वतःचा राग आला. इतकं चांगलं वाजायला नको होतं, असं वाटलं.

महिना संपला, बोटीवर गेलेला गिटारवाला परत आला. मी खुर्ची दिली.

"राहणार?" त्याने विचारलं. "बँडप्रमुख म्हणतो, दुसऱ्या एका हॉटेलात जागा आहे."

"नाही," मी म्हणालो.

"गुड. पेन्शन सोडू नको," तो म्हणाला आणि गिटारच्या तारा जुळवायला लागला.

वडील त्याच्या आधीच सुटून आले होते, पकडल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. डोक्याला पट्टी, सदऱ्यावर डाग, आणि सोबत घोषणा देणारी निम्मी चाळ. आईने ओवाळलं. गर्दी पांगल्यावर ते खाटेवर बसले आणि मला म्हणाले, "काल तू खंय होतंस?"

"हॉटेलात. वाजवत होतो. उठता आलं नाही."

त्यांनी विचार केला. "माणसा नाचली?"

"नाचली."

"मग बरा झाला," ते म्हणाले आणि आंघोळीला पाणी तापवायला सांगितलं.