हातावरची काजं

सुई हातात घेण्याआधी ती पेशंटच्या हातावर तळवा ठेवायची, डोळे मिटायची, मनात तीनपर्यंत मोजायची आणि म्हणायची, "चालू हाय." मग डोळे उघडून पुढचं काम.

डायलिसिसच्या खोलीत तुम्ही कधी कुणासोबत बसला असाल तर तुम्हाला हे वेगळं सांगायला नको. नसाल तर थोडक्यात सांगते. किडन्या गेलेल्या माणसाच्या हातात डॉक्टर दोन रक्तवाहिन्या जोडून एक जाड शीर तयार करतात. तिला फिस्टुला म्हणतात. आठवड्यातून दोनतीनदा त्या शिरेत दोन जाड सुया घालायच्या आणि रक्त मशीनमधून फिरवून परत आत सोडायचं. शीर चालू असली की हाताखाली गुरगुरते, झोपलेल्या मांजरासारखी. ती गुरगुर थांबली की दुसरी सोय करावी लागते, आणि दुसरी सोय पहिलीपेक्षा वाईटच असते.

जालना रोडवरच्या एका हॉस्पिटलात मी या खोलीची इन्चार्ज आहे. माझ्या हाताखालून बऱ्याच नर्स गेल्या. तिच्यासारखा हात एकीचाही नव्हता. हे मी कौतुकानं सांगत नाही. त्या हातामुळे माझं ड्युटीचं वेळापत्रक बिघडायचं. ती रजेवर असली की निम्मे पेशंट "उद्या येतो" म्हणून परत फिरायचे. सिल्लोडचे एक कापसाचे व्यापारी होते, ते तर दारातच विचारायचे, "सिस्टर हाय का? नसली तर मी बाहेर बसतो." चार तास मशीनवर काढायचे आणि त्याआधी दोन तास तिची वाट बघायची.

आमच्या शहरात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं, हे तुम्हाला माहीत आहेच. या पेशंटना पाणी मोजून प्यावं लागतं. उन्हाळ्यात ते चिडचिडे होतात. व्यापारी ओरडायला लागले की ती म्हणायची, "काका, तुमचं बरंय. महापालिकेनं बंद केलं काय आन मी बंद केलं काय, तुम्हाला फरक पडत नाय." सगळी खोली हसायची. तिच्या चेहऱ्यावर मात्र काही नसायचं. ती पुढच्या बेडकडे गेलेली असायची.

खुलताबाद तालुक्यातल्या एका खेड्यातली ती. वडील लवकर गेले. आईनं शाळेत झाडलोट करून दोन लेकरं वाढवली. धाकटा भाऊ वाळूजला कंपनीत टेम्पो चालवायचा आणि तिघं मुकुंदवाडीत भाड्यानं राहायची. तिची नोकरी अकरा महिन्यांच्या करारावर होती. अकरा महिने झाले की एक दिवस खंड, मग पुन्हा अकरा महिने. त्या खंडाच्या दिवशीसुद्धा पेशंट तिला शोधायचे.

ड्युटी संपली की ती जर्मन शिकायला जायची. जर्मनीत नर्स हव्यात हे तिला कुणीतरी सांगितलं होतं. वही एप्रनच्या खिशात असायची. सुई घालताना ती पेशंटना त्या भाषेत "दुखतंय का?" विचारायची, आणि काही दिवसांत व्यापारी झाडूवाल्या बाईंना "गुटन मॉर्गन" म्हणायला लागले.

तिची आईही आमचीच पेशंट होती, तीन नंबरच्या बेडवर. मी त्यांना मावशी म्हणायचे. मावशींना जर्मनीची माहिती एवढीच, गावाकडे ॲल्युमिनियमला जर्मन म्हणतात तेवढी. "जर्मनची पातेली वापरलीत म्या जलमभर. देस बी तसाच असंल. लवकर तापणारा."

"नाय आई, थंडी असती तिथं लई."

"मंग तर तुला सर्दीच व्हणार."

घरच्या माणसाला नर्सनं स्वतः सुई घालायची नाही, असा माझा नियम आहे. हात थरथरतो. म्हणून मावशींच्या पहिल्या वेळी मी दुसरीला पाठवलं. तिनं तीनदा प्रयत्न केला, हात काळानिळा झाला. मावशींनी हूं का चूं केलं नाही. पण शेजारच्या बेडवर काम करणारी ती मधेच थांबली आणि तशीच उभी राहिली. मी म्हटलं, "जा, तूच घाल." तिचा हात थरथरला नाही. त्यानंतर दोन वर्षं तो हात फक्त तिचाच होता.

जर्मनीतल्या एका हॉस्पिटलचं पत्र आलं. रुजू व्हायची तारीख आली. तिनं ती पुढे ढकलली. पुन्हा तारीख आली, पुन्हा ढकलली. मी विचारायचे, "काय ठरलं गं?"

"ठरलं की सांगते, मॅडम."

संध्याकाळी कोणती भाजी करणार असं विचारल्यावर सांगावं, त्या आवाजात.

खरं सांगायचं तर तिचं जाणं मला परवडणारं नव्हतं. अनुभवाचा दाखला टाइप होऊन, सही होऊन माझ्या टेबलाच्या खणात नऊ दिवस पडला होता. तिनं एकदाही मागितला नाही. तिनं भांडून मागितला असता तर मी आणखी ताणलं असतं. दहाव्या दिवशी मीच काढून दिला.

एकदा डबा खाताना मी तिला स्पष्टच विचारलं. इथं काय वाईट आहे? आई इथं, भाऊ इथं, पेशंट डोक्यावर घेतात. ती तेव्हा हॉस्पिटलजवळ खोली शोधत होती, आईला जवळ पडावं म्हणून.

"चार घरं बघितली," ती म्हणाली. "चारी ठिकाणी आडनाव विचारलं. तिसऱ्या घरी खोली रिकामी होती. आडनाव सांगितलं आन भरली." ती हसली. "तिकडं माझं आडनाव कुणाला वाचता बी येणार नाय, मॅडम."

याच शहरात मी तीन घरं भाड्यानं घेतली. एकाही घरमालकानं माझं आडनाव ऐकून विचार बदलला नाही. मी डब्याचं झाकण लावलं. मग विचारलं, "आई काय म्हणते?"

"जा म्हणती. रोज म्हणती. लई जोरात म्हणती." आणि ती डबा धुवायला उठली.

तिचं ठरलं हे मला तिच्याकडून कळलंच नाही. आईच्या हातावरून कळलं.

सुई घालायची एक पद्धत आहे. एरवी आपण दर वेळी शिरेवर नवी जागा निवडतो. पण एकाच माणसानं, त्याच जागी, त्याच कोनातून सलग आठदहा वेळा सुई घातली, तर आत कातडीचा एक बारीक बोगदा तयार होतो. मग तिथून धार नसलेली सुईसुद्धा आत जाते, दुखत नाही आणि दुसऱ्या कुणालाही ती घालता येते. शर्टाला काजं करावीत तशी दोन भोकं. एका मंगळवारी मी तीन नंबरवर पाहिलं. तिनं आदल्या शुक्रवारचीच जागा निवडली होती. पुढच्या शुक्रवारीही तीच. तिच्या हाताला काजांची गरज नव्हती. ती काजं दुसऱ्या कुणाच्या हातासाठी होती.

मावशींना समजावून सांगायला लागलं नाही. पाचव्या की सहाव्या वेळी त्या म्हणाल्या, "माझ्या हाताला काजं करायलीस तू. म्हंजी जायाचं ठरलं तुझं."

"हात हलवू नको, आई."

"हलवत नाय. ठरलं का?"

ती सुईला चिकटपट्टी लावत राहिली. मावशींनी मान खिडकीकडे वळवली.

काजं तयार झाल्यावर तिनं मला बोलावलं. दुसऱ्या कुणाला नाही, मला. "खालची सुई मनगटाकडून, जरा बाहेरच्या अंगाला. खपली आधी पुरती काढायची. आन घाई करू नका. तुम्ही घाई करता, मॅडम." इतक्या वर्षांत मला कुणी असं तोंडावर सांगितलं नव्हतं. मी घाई करते हे खरं आहे. मी धार नसलेली सुई धरली, तिनं सांगितलेल्या कोनात टेकवली आणि ती आत गेली. ढकलावी लागली नाही. ती हात पाठीमागे बांधून उभी होती.

"दुखलं का, आई?"

"नाय. कुणी घातली कळलं बी नाय," मावशी म्हणाल्या. लेकीला बरं वाटावं म्हणून म्हणाल्या असतील. ती खोलीबाहेर गेली आणि बऱ्याच वेळानं आली.

जायच्या आदल्या दिवशी तिनं माझ्याकडून एक वचन घेतलं. "बाकी काय सांगू नका. ताप आला, पाय सुजले, भाऊ बघील. पण शीर बंद पडली तर त्याच दिवशी सांगायचं. मी येते."

मी हो म्हटलं.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी चारला तिचा फोन यायचा. तिकडे तेव्हा जेवणाची सुट्टी असायची. "चालू हाय का, मॅडम?" "चालू आहे." एवढंच. मग ती भावाच्या फोनवर आईचा चेहरा बघायची. मावशी तिला काय जेवलीस ते विचारायच्या आणि उत्तर ऐकून तोंड वाकडं करायच्या. तिकडची परीक्षा व्हायची होती, तोवर मदतनीस म्हणून काम. म्हणजे म्हाताऱ्यांना अंघोळी घालणं, कपडे बदलणं. ज्या हातासाठी इथं लोक दोन तास बाहेर बसायचे, त्या हातात तिकडे वर्षभर कुणी सुई देणार नव्हतं. अर्ध्यात सोडून आलं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

ती गेल्यावर आठव्या महिन्यात मावशींना जुलाब झाले. दोन दिवसांत बीपी खाली गेलं. शुक्रवारी मी त्यांच्या हातावर तळवा ठेवला. काहीच नव्हतं. पुन्हा ठेवला, जरा वर. मग कोपराजवळ. मावशी माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"बंद पडली ना?"

"हो."

"तिला सांगू नका."

डॉक्टरांनी बघितलं. शीर उघडण्यासारखी नव्हती. गळ्यातून नळी घालावी लागणार होती. मावशी म्हणाल्या, "नको. लई झालं आता. गळ्यात नळी घेऊन कुठं मिरवू?" भाऊ भिंतीला टेकून रडायला लागला. रडून काही होणार नव्हतं. साडेतीन वाजले होते.

मी स्टूल ओढून बसले. "मावशी, नीट ऐका. गळ्यात नळी घालून घ्या, मी तिला सांगत नाही. नाही म्हणालात तर चारला फोन येईल तेव्हा सगळं सांगते. ती परवा इथं असेल. आणि एकदा आली की परत जाणार नाही. बघा."

मावशींनी माझ्याकडे पाहिलं.

"लई वंगाळ बाई हाव तुम्ही."

"हो."

"घाला मंग नळी."

चारला फोन आला. "चालू हाय का, मॅडम?"

"चालू आहे," मी म्हटलं. चार्टवर मी खरं तेच लिहिलं होतं. बंद, वेळ, सही.

त्यानंतर फोनवर दिसताना मावशी पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घ्यायच्या. उन्हाळा होता, पंख्याची हवासुद्धा गरम लागायची. त्या घामानं डबडबायच्या, पण पदर सोडायच्या नाहीत. मी दर वेळी "चालू आहे" सांगत होते. सुरुवातीला जीभ अडखळायची. पुढे तीही अडखळेनाशी झाली.

महिनाभरानं एका मंगळवारी भावानं फोन माझ्या हातात दिला. ती निळ्या गणवेशात एका खिडकीशी उभी होती, बाहेर बघत होती. कॅमेऱ्याकडे न बघताच म्हणाली, "मॅडम, आईचा पदर जरा सैल करा. गरम होत असंल तिला."

हात दाखवा, असं ती म्हणाली नाही. इथं असताना तिनं गळ्यात नळी असलेले पेशंट रोज सांभाळले होते. आईनं पहिल्या दिवशी पदर ओढून घेतला तेव्हाच तिला कळलं असणार. महिनाभर ती कळलेलं घेऊन विचारत होती, चालू हाय का.

"करते," मी म्हटलं.

मी मावशींच्या गळ्याभोवतीचा पदर सोडवला. मावशींनी आधी माझं मनगट धरलं, मग सोडून दिलं. फोन चालूच होता. ती अजून खिडकीबाहेरच बघत होती.

पुढच्या शुक्रवारी फोन आला तेव्हा तिनं विचारलं, "आई कशी हाय?" शीर चालू आहे का, हे तिनं पुन्हा विचारलं नाही.

मावशी पोळ्यानंतर गेल्या. नळीतून इन्फेक्शन झालं, तसं होतंच. भावानं विचारलं, "ताईला काय सांगू?" मी म्हटलं, खरं सांग. ती आली नाही. कॉलनीतल्या बायका भावाला जे बोलायचं ते बोलल्या. मी तिथं होते. मी कुणाला समजावत बसले नाही. त्यांनी काजं केलेला तो हात बघितला नव्हता.

त्यानंतरच्या मंगळवारी चारला माझा फोन वाजला.

"मॅडम, हातावरची काजं बुजली होती का?"

मावशींचं शेवटचं आवरताना मी बघितलं होतं. दोन पांढुरक्या खुणा राहिल्या होत्या, तांदळाच्या दाण्याएवढ्या.

"बुजली होती."

"बरं झालं," ती म्हणाली. मागे कुणीतरी त्या भाषेत तिला हाक मारत होतं. "जाते, मॅडम."

तीन नंबरवर कन्नड तालुक्यातले एक निवृत्त मास्तर आले होते, पहिल्यांदाच. ते सुईकडे बघत होते. मी त्यांच्या हातावर तळवा ठेवला आणि घाई केली नाही.