आईच्या रक्ताचं वजन

माझी बायको प्रणिता गुरुग्राममध्ये एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दिल्लीत लक्ष्मीबाई नगरच्या आमच्या कॉलनीत कुणी विचारलं की मी बरीच वर्षं "लॅबमध्ये आहे" एवढंच सांगायचो. मी मिनिस्ट्रीत सेक्शन ऑफिसर, नोटिंग-ड्राफ्टिंगवर जगणारा माणूस. तिचं काम मला नीट कळत नव्हतं, आणि कळत नाही हे कबूल करायची लाजही वाटायची.

प्रणिता पुसदची. वडील एस.टी. डेपोत मेकॅनिक. अमरावतीला रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली, पहिल्या वर्गात. पुढे पीएच.डी. करायची होती, पण आमचं लग्न झालं, माझी नोकरी दिल्लीत, मग मैत्रेयी झाली. पाच वर्षं ती घरात होती. मैत्रेयी शाळेत जायला लागली तेव्हा तिने ही नोकरी धरली. पद टेक्निकल असिस्टंटचं. काम म्हणजे काचसामान धुणं, द्रावणं तयार करणं आणि नमुन्यांवर लेबलं लावणं.

त्या लॅबमध्ये मास स्पेक्ट्रोमीटर नावाचं एक मशीन होतं. ते दुरुस्त करायला इंजिनियर यायचा, तेव्हा बाकीचे चहाला जायचे आणि ही त्याच्याशेजारी स्क्रू धरून उभी राहायची. काय उघडलं, काय पुसलं, कुठला पार्ट कशाने बिघडतो, सगळं वहीत. तीन-चार वर्षांत अशी वेळ आली की तो इंजिनियर निघण्याआधी हिलाच फोन करायचा, "मॅडम, आप पहले एक बार देख लीजिए." पंपाच्या आवाजावरून ती सांगायची की आज निर्वात नीट झालेला नाही. पण रिपोर्टवर सही दुसऱ्यांची असायची.

एकदा मैत्रेयीने तिला सरळच विचारलं, "मम्मा, तू करतेस काय एक्झॅक्टली?"

"प्रोटीनचं वजन करते," प्रणिता म्हणाली. "प्रोटीन म्हणजे मण्यांची माळ समज. माळ तयार झाली की शरीर तिच्यावर काहीबाही चिकटवतं. एखाद्या मण्यावर साखर, एखाद्यावर फॉस्फेट. डोळ्यांना तर काहीच दिसत नाही. मग आम्ही त्या माळेचे तुकडे करतो, त्यांना विद्युतभार देऊन निर्वात नळीत उडवतो आणि मशीन प्रत्येक तुकड्याचं वजन सांगतं. वजन किती वाढलं त्यावरून ओळखायचं, कुठल्या मण्यावर काय बसलंय."

"अच्छा, डिटेक्टिव्हसारखं."

"बिल्कुल. फक्त पळायचं नाही, बसून राहायचं."

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझी आई, भीमाबाई, दिवाळीनंतर आमच्याकडे राहायला आली. वय एकाहत्तर. थकल्यासारखं वाटतं म्हणाली म्हणून जवळच्याच एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तीन महिन्यांची शुगर सांगणारी तपासणी केली. आकडा आला ११.२. निरोगी माणसाचा साडेपाचच्या आसपास असतो. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं, तर ११.४. त्यांनी गोळ्या वाढवल्या.

फेब्रुवारीत एका सकाळी आई माझ्याबरोबर आय.एन.ए. मार्केटला आली होती. मेथी निवडता निवडता तिचा हात थांबला, अंगाला घाम सुटला आणि ती माझ्या खांद्यावर कोसळली. भाजीवाल्याने क्रेट उपडं करून तिला बसवलं, कुणीतरी सरबताची बाटली आणली. दवाखान्यात नेऊन बोटातलं रक्त तपासलं तर साखर ४६. म्हणजे जास्त नाही, जिवावर बेतेल इतकी कमी.

"खाना नहीं खाया होगा," डॉक्टर म्हणाले.

आईने सकाळी दोन भाकरी खाल्ल्या होत्या.

त्या दिवसापासून प्रणिताने वही सुरू केली. दहा दिवस, दिवसातून चार वेळा, आईच्या बोटाची साखर. एकदाही आकडा दीडशेच्या वर गेला नाही. शेवटी वही माझ्यापुढे ठेवून ती म्हणाली, "अहो, गोळ्यांनी आताची साखर उतरली, असं म्हणता येईल. पण गोळ्या सुरू व्हायच्या आधीच्या आठवड्यात आईंनी उमरखेडला शिबिरात साखर तपासली होती. तो कागद त्यांच्या पिशवीत सापडला. जेवणानंतरची एकशे अठरा. हा कागद आणि अकराचा रिपोर्ट, दोन्ही खरे असूच शकत नाहीत."

वही घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पानं उलटली आणि म्हणाले, "मॅडम, ये मशीन की रिपोर्ट है. मशीन झूठ नहीं बोलती."

प्रणिता आवाज चढवत नाही. ती म्हणाली, "डॉक्टरसाहब, मैं आठ साल से मशीन ही चलाती हूँ. मशीन झूठ नहीं बोलती. पर उससे जो पूछो, वो उसी का जवाब देती है."

डॉक्टर चिडले नाहीत. माणूस भला होता. त्यांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून वाचली, वाढवलेल्या गोळ्या त्याच दिवशी बंद केल्या आणि म्हणाले, "पता कीजिए क्या है. मुझे भी बताइए."

प्रणिता दुसऱ्याच दिवशी तिचे वरिष्ठ डॉ. यतीन यांच्या केबिनमध्ये गेली. यतीन ठाण्याचे, पीएच.डी. झालेले, नियमाला पक्के. कंपनीचं मशीन घरच्या कामाला वापरायचं म्हणजे त्यांच्या कपाळावर आठी येणारच. पण हिने सगळी तयारी केली होती. शनिवारी मशीनचं कॅलिब्रेशन असतं, म्हणजे वजनकाटा बरोबर आहे की नाही याची परीक्षा. तेव्हा कुठलं तरी ओळखीचं प्रोटीन लागतंच, आणि बरेचदा ते हिमोग्लोबिन असतं. आईची लेखी संमती तिने मराठीत आणि इंग्रजीत टाइप करून आणली होती.

"ठीक आहे," यतीन म्हणाले. "पण यावर औषधं बदलायची नाहीत. काही सापडलं तर हॉस्पिटलकडून पक्कं करून घ्यायचं."

"मीही तेच म्हणणार होते सर."

शनिवारी आईच्या रक्ताची नळी मैत्रेयीच्या डब्याच्या पिशवीत, बर्फात ठेवून आम्ही मेट्रोने गुरुग्रामला गेलो. मला काचेपलीकडे बसायची परवानगी मिळाली. तिथून मी माझ्या बायकोला पहिल्यांदा काम करताना पाहिलं. घरात ती भरभर चालते, बोलते, भांडी आपटते. तिथे तिचा हातसुद्धा उगाच हलत नव्हता.

दुपारी पडद्यावरच्या आलेखात दोन सुळके उभे राहिले. हिमोग्लोबिनच्या एका साखळीचं वजन १५,८६७ असतं. आईच्या रक्तात तो सुळका होता, पण त्याच्याशेजारी, जवळपास तेवढ्याच उंचीचा, १५,८८१ चा आणखी एक होता. चौदाचा फरक.

"मेथिल," यतीन लगेच म्हणाले. "मेथिल गट चिकटला की चौदाच वाढतात. सरळ आहे."

"सर, चिकटायचंच असतं तर थोड्या रेणूंना चिकटलं असतं. हे बरोबर निम्मे आहेत," प्रणिता म्हणाली. "निम्मे म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकच वेगळी. आई हे जन्मापासून घेऊन आल्यात. आणि मेथिलने शुगरचा रिपोर्ट का चुकेल?"

"मग काय असेल?"

"तुकडे केल्याशिवाय नाही सांगता येणार."

प्रोटीनचे तुकडे करणारं एन्झाइम घालून नमुना ठेवून दिला. रविवारी सकाळी आम्ही पुन्हा हजर. साखळीच्या सुरुवातीचा, आठ मण्यांचा तुकडा बदललेला निघाला. मेथिल असतं तर त्याचं वजन ९६५.५२ आलं असतं. आलं होतं ९६५.४८.

"एवढा फरक मशीनचाही असू शकतो, मॅडम," यतीन म्हणाले.

"कालच कॅलिब्रेट केलंय सर. मी केलंय."

एवढंच बोलून तिने तो आठ मण्यांचा तुकडाही मशीनमध्ये मोडायला लावला. एकेक मणी सुटत गेला आणि ती वजनं वाचत गेली. मागचे सात मणी जसेच्या तसे. सगळा बदल पहिल्याच मण्यात. आईच्या साखळीत तिथे नेहमीच्या व्हॅलिनऐवजी ॲलानिन होतं, अठ्ठावीसने हलकं. आणि शरीराने त्या मण्यावर ॲसिटिल नावाची एक टोपी बसवली होती, बेचाळीसची. बेचाळीसातून अठ्ठावीस गेले, उरले चौदा.

मग तिने मला काचेच्या आत बोलावून समजावलं. साखरही हिमोग्लोबिनच्या नेमक्या त्याच पहिल्या टोकावर बसते. साखर बसली की त्या टोकाचा विद्युतभार कमी होतो आणि तो रेणू तपासणीच्या यंत्रातून लवकर बाहेर पडतो. दवाखान्याचं यंत्र साखर बघतच नव्हतं. लवकर बाहेर कोण पडलं, तेवढंच मोजत होतं. आईचे टोपीवाले रेणूही लवकर बाहेर पडत, आणि यंत्र त्यांतल्या काहींची गणती साखरेत करत होतं.

यतीन यांनी सगळे आकडे पुन्हा एकदा तपासले. मग म्हणाले, "मी चौदा बघून थांबलो होतो." रिपोर्ट त्यांनी स्वतः टाइप केला आणि खाली सहीच्या जागी लिहिलं: विश्लेषण, प्रणिता मनवर. पेन तिच्यापुढे केलं. आठ वर्षांत तिची ती पहिली सही. तिने ती इतकी सावकाश केली की मला शाळेतल्या सुलेखनाच्या वहीची आठवण झाली.

तो रिपोर्ट आणि रक्ताचा नवा नमुना एका सरकारी हॉस्पिटलच्या जनुकशास्त्र विभागात गेला. पाच आठवड्यांनी डी.एन.ए. तपासणीचं उत्तर आलं. प्रणिताने वजनावरून जे सांगितलं होतं, अक्षर न् अक्षर तेच. आमच्या डॉक्टरांनी आईची साखर दुसऱ्या पद्धतीने तपासली, ती निरोगी निघाली. सगळ्या गोळ्या थांबवून त्यांनी आईच्या फाइलवर लाल शाईने लिहिलं की ही तपासणी या पेशंटला लागू नाही. मग उठून प्रणिताला म्हणाले, "आज आपने मुझे पढ़ाया."

मला वाटलं, संपलं. पण प्रणिता म्हणाली, "हे आईंना कुणाकडून तरी आलं असणार. त्यांच्या भावंडांचं काय?"

उमरखेडचे अंबादासमामा, आईचे धाकटे भाऊ, सहा वर्षं शुगरच्या गोळ्या खात होते. दोनदा चक्कर येऊन पडले होते, एकदा मनगट मोडलं होतं. "वय झालं आता," असं म्हणत होते. प्रणिताने त्यांच्या डॉक्टरांना फोन केला, पत्र पाठवलं, मामांचा नमुना हॉस्पिटलला मागवला. मामांच्या रक्तातही तेच निघालं. त्यांच्या डॉक्टरांनी नीट तपासून गोळ्या हळूहळू बंद केल्या. महिन्याभराने मामांचा फोन आला.

"सूनबाई, काल मी शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. अख्खा. सहा वर्षांनी."

"एकच खा मामा," ती म्हणाली. मग तिने घाईने फोन माझ्याकडे दिला.

मीही तपासून घेतलं. माझ्यातही आहे, मैत्रेयीत नाही. माझ्या ऑफिसच्या मेडिकल फाइलला मी स्वतः नोट लावली. आयुष्यात लिहिलेली ती माझी सर्वांत चांगली नोट.

गेल्या मार्चमध्ये दिल्लीत प्रोटीनवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांची एक सभा झाली. यतीन यांनी हा विषय पाठवला आणि मांडायला प्रणिताचंच नाव दिलं. ती आठवडाभर आरशासमोर इंग्रजीतून बोलत होती. मैत्रेयी तिचे उच्चार सुधारत होती. आई म्हणाली, "मी पण येणार. माझ्याच रक्ताबद्दल बोलणार ना?" मग आईने ठेवणीतलं जांभळं लुगडं नेसलं आणि आम्ही तिघं शेवटच्या रांगेत जाऊन बसलो.

प्रणिता बारा मिनिटं बोलली. सुरुवातीला आवाज कापत होता. ०.०४ चा फरक पडद्यावर आला तेव्हा तो कंप थांबला. नंतर पहिल्या रांगेतल्या एका वयस्क प्राध्यापकांनी विचारलं, "बहुत सुंदर काम है. आप पीएच.डी. किसके साथ कर रही हैं?"

"नहीं सर," ती म्हणाली, "मैं मशीन चलाती हूँ."

टाळ्या सुरू झाल्या. अध्यक्षांनी नाव न घेता त्या पेशंटचेही आभार मानले, ज्यांनी आपलं रक्त दिलं. इंग्रजी आईला समजत नव्हतं, मैत्रेयीने कानात सांगितलं. तशी आई खुर्चीचा हात धरून उभी राहिली. मी तिचा पदर ओढला, पण ऐकते कुठे.

"वो खून मेरा है," सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. मग मंचाकडे बोट केलं. "और वो मेरी बहू है."