सपाटरावांच्या घरचा रस्ता

आमच्या सासऱ्यांना सगळा जिल्हा सपाटराव म्हणतो. जिल्हा कार्यालयाच्या रस्ते विभागात ते ग्रेडर चालवतात. त्या मशीनच्या पोटाखाली एक लांबलचक लोखंडी पातं असतं. ते तिरकं धरून कच्च्या रस्त्यावरून ओढायचं, खड्डे आणि चाकोऱ्या मोडायच्या, कडेला गेलेली खडी परत मधे आणायची आणि मधे थोडी उंच पाठ ठेवायची, म्हणजे पाणी दोन्ही बाजूंना उतरतं. त्यांनी केलेल्या रस्त्यावरून दूधवाला गेला तर किटलीतलं दूध हिंदकळत नाही, असं लोक म्हणतात. लोक म्हणजे मुख्यतः आमचे सासरेच.

शहरातल्या माणसाला जिल्हा कार्यालय म्हणजे दाखल्याची खिडकी वाटते. आमच्याकडे गावं पांगलेली आणि घरं त्याहून पांगलेली. इथे मूल झालं की लस टोचायला येणारी नर्स जिल्ह्याची, पुस्तकांची गाडी जिल्ह्याची, पिसाळलेलं कुत्रं धरणारा माणूस जिल्ह्याचा, आणि मागे रडायला कोणी नसेल तर खांदा देणारेही जिल्ह्याचेच. आणि हे सगळं आपल्या दारी येणार कशावरून? रस्त्यावरून. म्हणून सासरे म्हणायचे, "जिल्हा मंडळाच्या अध्यक्षबाई खुर्चीवर बसतात खऱ्या, पण जिल्हा चालतो माझ्या पात्यावर." हे वाक्य मी लग्न होऊन आले त्या दिवशी ऐकलं आणि नंतर बहुधा रोज.

आता आमच्या घरचा रस्ता. मोठ्या रस्त्यावरून आत वळलं की आधी आमचं घर आणि पार टोकाला शिलाईकाकूंचं. जिल्ह्यात याहून वाईट रस्ता शोधून सापडणार नाही. आमच्या घरापर्यंत कशीबशी गाडी येते, त्यापुढे मात्र देवाचं नाव घ्यायचं. पाहुणा आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय हो सपाटराव, तुमच्याच घरी ही तऱ्हा?" सासरे त्याचीच वाट बघत असायचे. "आधी लोकांचं, मग घरचं," ते म्हणायचे. "मशीन सरकारी आहे, माझ्या बापाचं नाही." पाहुणा मान डोलवायचा, असा माणूस आता मिळायचा नाही म्हणायचा, आणि चहाला जास्तीची साखर पडल्यासारखा सासऱ्यांचा चेहरा व्हायचा. मला राग यायचा, पण थोडा अभिमानही वाटायचा, खोटं कशाला बोलू.

शिलाईकाकूंनी आयुष्यभर या भागातल्या पोरांचे शाळेचे कपडे शिवले. मागे कोणी नाही. आता पायाला जखम झाली आहे आणि ती भरत नाही, म्हणून आरोग्य विभागाची नर्सबाई घरी येऊन पट्टी बदलायची. एकदा तिची गाडी आमच्या रस्त्यावरच्या दगडावर खालून आपटली, सगळं ऑइल गळलं आणि बिचारी चिखलातून चालत परत गेली. त्यानंतर विभागाचा निरोप आला: रस्ता नीट होईपर्यंत घरभेट बंद. काकूंना केंद्रावर येणं जमत नसेल तर जिल्ह्याच्या वृद्धाश्रमात जागा बघू.

"तिथे मला शिलाई मशीन ठेवू देतील का गं?" काकूंनी मला विचारलं. मी चौकशी केली. खाटेशेजारी एक छोटं कपाट, एवढीच जागा.

महिन्याच्या शेवटी जिल्हा मंडळाची खुली सभा भरते. तिथे कोणीही उठून आपलं गाऱ्हाणं मांडू शकतं. मी काकूंना गाडीत घालून घेऊन गेले. सासऱ्यांना सांगितलं नव्हतं. ते रस्ते विभागाच्या माणसांबरोबर मागच्या बाकावर बसले होते. आम्हाला दोघींना बघून ते आधी हसले आणि मग हसायचे थांबले.

आमच्या आधी पुस्तकांच्या गाडीच्या गळक्या छपराचा विषय झाला, मग दोन भावांच्या घरांमधल्या गटाराचं भांडण झालं. भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते, दोघंही अध्यक्षबाईंशीच बोलत होते. मग काकू काठी टेकत उभ्या राहिल्या. त्यांनी कुणाला नावं ठेवली नाहीत. "रस्ता झाला तर नर्सबाई येईल," त्या म्हणाल्या, "आणि ती आली तर मला घर सोडावं लागणार नाही. एवढंच."

अध्यक्षबाईंनी रस्ते विभागाच्या साहेबांकडे पाहिलं. साहेब उठले. "मॅडम, तो रस्ता दर महिन्याच्या कामात नेमलेला आहे. पहिल्यापासून आहे."

मी चमकलेच. आम्हाला घरात हे कोणालाच माहीत नव्हतं. आमची समजूत अशी, की सासऱ्यांनी स्वतःसाठी काही मागितलं नाही म्हणून रस्ता होत नाही.

साहेब मागे वळले. "सपाटराव, तुम्ही राहता त्याच रस्त्याला. होतो ना दर महिन्याला?"

सगळ्या सभेने मागे पाहिलं. सासऱ्यांच्या हातात टोपी होती, ती त्यांनी उलटी केली, सुलटी केली. आणि मान हलवली. होतो.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाच्या सचोटीचे गोडवे ऐकत मी इतके चहा गाळले, तो भर सभेत खोटं बोलत होता, आणि तेही बाजूला काठीवर उभ्या असलेल्या बाईच्या देखत. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकूंनी माझा हात दाबला.

"भाऊ म्हणतात होतो, तर होत असेल," त्या अध्यक्षबाईंना म्हणाल्या. "मला आता धड दिसत नाही. आणि नर्सबाई नवखी आहे, तिला गाडी जपून घालता आली नसेल. माझी काही तक्रार नाही." आणि त्या खाली बसल्या.

घर चाललं होतं हातचं, तरी या बाईने शेजाऱ्याची अब्रू झाकली. अध्यक्षबाईंनी पुढचा विषय पुकारला. कुत्र्यांच्या परवान्यांवर कोणीतरी बोलायला लागलं.

"थांबा," मागून आवाज आला. सासरे उभे होते. "रस्ता होत नाही. मी करत नाही."

"मशीन नादुरुस्त आहे का?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"मशीन ठणठणीत आहे. वळणापर्यंत नेतो आणि पातं उचलतो."

"का पण?"

"लोक म्हणाले असते, सपाटराव सरकारी मशीन आपल्या दारी नेतात."

"कोण म्हणालं असं?"

सासऱ्यांनी तोंड उघडलं. त्यांनी सभेवरून नजर फिरवली, दूधवाला, पुस्तकांच्या गाडीवाला, ते गटारवाले दोघे भाऊ. असं म्हणालेला एक तरी माणूस ते शोधत होते. खरंच शोधत होते. पण असं त्यांना कधीच कोणी म्हणालं नव्हतं. म्हणणारेही तेच आणि ऐकणारेही तेच.

"कोणी नाही," ते म्हणाले.

कोणीतरी "दिव्याखाली अंधार" म्हणालं आणि हशा पिकला. साहेबांनी कपाळाला हात लावला. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. उद्याच्या उद्या रस्ता करा, नर्सबाईची गाडी टोकापर्यंत जाऊ द्या आणि मग घरभेटी चालू, असं त्यांनी सांगून टाकलं. सासऱ्यांवर काय कारवाई करायची ते साहेब बघतील. घरी येताना सासरे माझ्या गाडीत बसले नाहीत. तोंड दाखवायची सोय राहिली नाही म्हणाले आणि कोणाच्या तरी ट्रॅक्टरवर मागे बसून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रेडर आमच्या वळणावर आला, आणि पहिल्यांदाच पातं खाली टेकलं. माती ओलसर होती, काम छान बसत होतं. आमच्या दारावरून ते गेले तेव्हा मी हात केला. त्यांनी बघितलं नाही. काकूंच्या फाटकापर्यंत गेले, वळवून आले, परत गेले. मी मागोमाग चालत गेले, कारण काकूंसाठी डबा द्यायचा होता.

काकू दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. सासरे मशीन बंद करून खाली उतरले आणि फाटकाबाहेरच उभे राहिले. माफीचं काहीतरी त्यांनी रात्रभर जुळवून ठेवलं असणार.

"आत या की भाऊ," काकू म्हणाल्या. "आणि आता राग गेला ना?"

"कसला राग?"

"कोटाचा. तुमच्या मुलाच्या लग्नात तुमचा कोट मी शिवला होता. काखेत तंग झाला होता, तुम्ही दिवसभर हात वर केला नव्हता. पुढच्याच महिन्यात मी वळणावर उभी होते, तेव्हा तुमचं मशीन आत न येता परत गेलेलं पहिल्यांदा पाहिलं. मला वाटलं, माझ्या हातून चुकलं म्हणून तुम्ही माझ्या दारी येत नाही. बरोबरच होतं म्हणा, लग्नाचा कोट होता. म्हणून मी कधी रस्त्याचं बोलले नाही."

माझ्या लग्नातला कोट तो. माझी मुलगी आता शाळेत जाते.

सासऱ्यांनी फाटकाची कडी धरली. त्यांना तो कोट आठवतही नसावा. "काकू," एवढंच ते म्हणाले. वयाने त्या त्यांच्याहून फार मोठ्या नाहीत, पण त्या दिवशी ते आमच्यासारखंच काकू म्हणाले. मग ते फाटकाच्या आत आले आणि पायरीवर, काकूंच्या पायाशी, खाली मान घालून बसून राहिले.