लाल पाण्याची बाटली

रस्त्याचं काम जिथे चालू असेल तिथे आमचं घर. पत्र्याची केबिन ट्रेलरवरून येते, क्रेन ती विटांच्या थरांवर ठेवते आणि मी खिडकीत तुळशीची कुंडी ठेवली की संसार सुरू होतो. यंदा केबिनखालच्या सावलीत एक पिवळट कुत्री व्यायली.

शेजारच्या केबिनमधल्या काकूंनी लगेच कुंकवाचं पाणी भरलेली बाटली आणून ठेवली. लाल पाण्याला कुत्री भितात, असं आपल्याकडे गल्लोगल्ली मानतात. सकाळी वाकून पाहिलं, तर ही त्याच बाटलीवर मान टेकून पडली होती आणि पिल्लं दूध पीत होती.

मग सुपरवायझर आले. "वहिनी, उद्या माणसं पाठवतो. पिल्लं पोत्यात घालून लांब सोडून येतील, आई जाईल मागोमाग. खालची फटही विटांनी बुजवू. भटकी जनावरं आहेत, लळा लावू नका."

भटकी? माझं आधार कार्ड एका गावचं, गॅस दुसऱ्या गावचा, मुलीची शाळा तिसऱ्याच गावात. हिने हा माळ सोडून पाऊल टाकलेलं नाही. तिच्या माळावर आम्ही येऊन पत्रा ठेवला, त्याची सावली तिने घेतली, तर हुसकायचं तिला?

"पाठवू नका," मी म्हटलं. "पाठवलीत तर मी पायरीवर बसलेली दिसेन त्यांना."

बाटली ओतून टाकली, धुतली, आणि साधं पाणी करवंटीत घालून केबिनखाली सरकवलं. क्रेन येईल तेव्हा निघायचं आम्हाला आहे. ती इथेच राहणार आहे.