सांग तुझ्या आजीला

तिला सगळे टाचणी म्हणायचे. ओठांत कायम टाचण्या धरलेली ही शिवणकाम करणारी बाई, टाचण्या काढून बोलली की त्याहून टोचायची. शाळेचे गणवेश शिवता शिवता तिच्या हातांना उसंत नसे आणि जिभेला लगाम. सासूबाईही त्याच मुशीतल्या, त्यामुळे दोघींचं जुळणं कठीणच.

सध्या अबोला चालू होता. कशावरून, ते दोघींनाही धड सांगता आलं नसतं. मधे हेलपाटे मारायला होती टाचणीची पाचवीतली लेक.

"सांग तुझ्या आजीला, पान वाढलंय."

"सांग तुझ्या आईला, मीठ परवडत नसेल तर तसं बोल म्हणावं."

थंडीची लाट आली तेव्हा मात्र टाचणीनं तोंड न उघडता एक काम केलं. कापडाची लांब नळी शिवली, तिच्यात कातरणं ठासून भरली आणि सासूबाईंच्या खोलीबाहेर ठेवून दिली. दाराखालच्या फटीला लावायला. सासूबाईंनी ती मुकाट्यानं आत ओढून घेतली. सुनेनं शिवलेल्या कशाला तरी त्यांनी नाव ठेवलं नाही, असं पहिल्यांदाच घडलं.

आज लेक शाळेतून पोस्टरचं काम घेऊन आली होती. थंडीची लाट आली तर काय करावं, काय करू नये. टाचणी गणवेशाच्या उरलेल्या कापडातून अक्षरं कापत होती, लेक ती कार्डशीटवर चिकटवत होती आणि बाईंनी दिलेला कागद वाचत होती.

"एकावर एक उबदार कपडे घाला."

"झालं. पुढे?"

"घरातल्या वृद्धांची विचारपूस करा."

"ते बारीक अक्षरात घाल."

"आई."

"बरं, मोठ्या. पुढे वाच."

"बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवू नका. धूर दिसला नाही तरी विषारी वायू साचतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते—"

कात्री 'शे'च्या मात्रेवर थांबली.

सकाळीच निरोप आला होता. सांग तुझ्या आईला, डोकं फुटतंय माझं. आणि तिनं उलटा निरोप धाडला होता, सांग आजीला, डोकी आम्हालाही आहेत.

"आजीनं शेगडी आत नेलीय?"

"काल रात्रीसारखीच, जेवण झाल्यावर नेली."

"जा, हाक मार तिला."

"मघाशीच मारली. ओ देत नाही. आता माझ्याशी पण अबोला धरलाय बहुतेक."

 टाचणी उठली तशी मांडीवरची अक्षरं फरशीवर सांडली. सासूबाईंच्या दारावर तिनं थाप मारली.

"आई."

आत काहीच नाही. रागातली शांतता तिला पाठ होती. तिच्यात खाकरणं असे, भांडं आपटणं असे. ही तसली नव्हती.

"आई, मी बोलतेय. मीच बोलतेय."

कडी लागलेली नव्हती. दार बोटभर आत गेलं आणि अडलं. तिनं खांदा लावला, तशी खालची नळी दार आणि फरशी यांच्यात आणखी घट्ट रुतली. तिनंच ठासून भरलेली. कुठून दबेल?

"रुग्णवाहिकेला फोन लाव," ती लेकीला म्हणाली, "आणि इथं थांबू नकोस, बाहेर ये."

तिनं इस्त्री उचलली, व्हरांड्यात धावली आणि सासूबाईंच्या खिडकीवर घातली. काच फुटली. आत हात घालून कडी काढताना मनगट कापलं, ते तिला कळलंही नाही. श्वास रोखून ती आत उतरली, लाथेनं नळी सरकवली, दार सताड उघडलं. सासूबाई पलंगावर कलंडल्या होत्या, जणू डुलकी लागलीय. काखेत हात घालून तिनं त्यांना फरफटत बाहेर गार वाऱ्यात आणलं.

"फोनवरच्या बाई म्हणतायत आजीला उघड्यावरच ठेवा," फोन कानाला धरून लेक रडत सांगत होती. "शुद्धीवर आली तर बोलतं ठेवा. झोपू देऊ नका."

टाचणीनं हाताला लागेल ते गणवेशाचं कापड सासूबाईंभोवती गुंडाळलं आणि गालावर चापट्या मारू लागली. "आई. ऐकताय ना? आई."

किती वेळ गेला कुणास ठाऊक. मग पापणी हलली. सासूबाई खोकल्या, ओकल्या, पुन्हा डोळे मिटायला लागल्या.

"मिटायचे नाहीत. बोला काहीतरी."

ओठ हलले. आवाज जेमतेम. "सांग... तुझ्या आईला..."

"आई इथंच आहे. मला सांगा."

"गार लागतंय. आत ने."

"नाही नेणार."

सासूबाईंनी कष्टानं मान वळवली. "सुनेनं... थंडीत उघड्यावर टाकलं... सांगेन सगळ्यांना."

"सांगा ना. काय काय सांगाल?" टाचणीनं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.  "पहिल्यापासून सांगा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून."

"ते... फार आहे."

"असू दे. गाडी येईपर्यंत वेळ आहे आपल्याला."

आणि सासूबाई एकेक आठवून, मधेच अडखळत, सांगायला लागल्या. थांबल्या की टाचणी विचारायची, "मग?"