तक्रार माझी, नंबरही माझाच

मंडळी, बनावट बीटी बियाणं विकणाऱ्या एका वेबसाइटची मी परवा तिला इंटरनेटवर जागा देणाऱ्या होस्टिंग कंपनीकडे तक्रार केली. शाळेत शिकवलेल्या अर्जासारखी: पूर्ण नाव, गाव, तालुका मोताळा, मोबाईल.

कंपनीने ती जशीच्या तशी त्या ठगालाच पाठवली. त्याने आज वेबसाइटवर ग्राहक सेवा म्हणून माझा नंबर टाकला.

सकाळी पूजेत फोन वाजला. "राम कृष्ण हरी," म्हणालो.

पिंपळगाव राजाची एक बाई कडाडली, "काऊन रे चोट्ट्या, माह्या चार एकरात एक कोंब नाई निंगाला. देवाचं नाव घेऊन लुटतं काय?"

"ताई, मी तो नाही."

"सारे चोर हेच म्हनतात!"

दुपारपर्यंत असे बावीस फोन आले. पुन्हा तक्रार करायला गेलो, तर फॉर्मवर तळाशी लिहिलेलं: तुमचं नाव, मोबाईल वेबसाइटच्या मालकाला कळवला जाईल.

तुम्ही भरला असता?